घरगुती उबेचा शब्देतिहास : अहिल्यानगर जिल्ह्यातील चूल, शेगडी आणि बंब

१

मराठीत पाणी तापवितात, दूध तापवितात, तवा तापवितात. घर मात्र कोणी तापवीत नाही. घर तापते ते वैशाखात, आणि ‘घर फार तापले आहे’ हे वाक्य त्या वेळी तक्रारीचे असते. माणूस अंग शेकतो, हातपाय शेकतो. घराला शेक देत नाही. थंडीच्या दिवसांत घर ‘उबदार असते’ किंवा ‘गार पडते’. ह्या दोन्ही प्रयोगांत कर्ता नाही. ऊब ही कोणी मुद्दाम निर्माण करावयाची वस्तू आहे, ही कल्पनाच मराठी क्रियापदांच्या रचनेत उतरलेली दिसत नाही.

ह्यावरून मराठी मुलखात थंडी नव्हती असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे अहमदनगर) हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. त्याचा बहुतेक भाग कोरड्या हवेच्या पठारावर असून उत्तरेकडून शीत लहर आली म्हणजे पौष महिन्यात पहाटेचे तापमान पाच-सहा अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. पश्चिमेकडील अकोले तालुका सह्याद्रीत आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) ह्याच तालुक्याच्या सीमेवर उभे आहे, आणि तेथे हिवाळ्याच्या थंडीपूर्वी चार महिने पावसाळी गारठा सोसावा लागतो. अशा प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या माणसे राहिली, त्यांची घरे राहण्याजोगी उबदार होती, आणि तरीही घर तापविण्याचे स्वतंत्र साधन किंवा त्याचे नाव भाषेत रूढ झाले नाही. ही ऊब येत होती कोठून, आणि तिचे मोल कोण देत होते, हा प्रस्तुत विवेचनाचा प्रश्न आहे.

२

उत्तराचा पहिला भाग घराच्या बांधणीत सापडतो. जिल्ह्याच्या मध्य व पूर्व भागांतील जुने घर धाब्याचे असे. दगडमातीच्या दोन-अडीच फूट, क्वचित् त्याहूनही जाड भिंती; वर तुळया, त्यांवर किलच व पांढऱ्या मातीचा जाड थर; खिडक्या थोड्या आणि लहान. एवढ्या जाडीची भिंत दिवसभर घेतलेली उष्णता तत्काळ आत सोडीत नाही. ती आतल्या पृष्ठाशी पोहोचण्यास आठ ते बारा तास लागतात, म्हणजे दुपारच्या उन्हाची ऊब घरात मध्यरात्रीच्या सुमारास उतरते. अनेक घरांतून गोठा घराला लागून किंवा एकाच छपराखाली असे. गुरांच्या अंगची ऊबही त्या हिशेबात धरावी लागते.

उत्तराचा दुसरा भाग म्हणजे चूल. ती घराच्या आतल्या अंगास असे, आणि तिचा धूर छपरातील झरोक्यावाटे सावकाश बाहेर पडे. पहाटे पाण्यासाठी, सकाळी व सायंकाळी स्वयंपाकासाठी ती पेटे. रात्री तिच्यातील निखारे राखेखाली झाकून ठेवीत. ह्यास ‘विस्तव राखणे’ म्हणत. आगकाडी स्वस्त होण्यापूर्वी ही गरज होती, आणि ज्या घरी विस्तव विझे तेथील मुले गोवरीचा तुकडा घेऊन शेजारी ‘विस्तव मागावयास’ जात. राखेखालील निखारा रात्रभर मंद उष्णता देई, आणि चुलीमागील मातीची भिंत व भानवस ती साठवून ठेवीत. उत्तर युरोपातील विटांच्या मोठ्या घरगुती भट्ट्यांत हेच तत्त्व हेतुपुरस्सर योजलेले असते : थोडा वेळ प्रखर जाळ करावयाचा आणि त्याची उष्णता जड बांधकामात साठवून ती पुढे अनेक तास वापरावयाची. नगरच्या धाब्याच्या घरात ते स्वयंपाकाच्या ओघात आपोआप घडे. म्हणून त्याला नाव पडले नाही.

अकोल्याच्या डोंगराळ भागात घरे निराळी आणि चुलीचे कामही निराळे. तेथे चुलीवरील माळ्याशी चढणारा धूर धान्य व लाकूड कोरडे राखी आणि छपराच्या लाकडांना कीड लागू देत नसे. धूर येथे केवळ उपद्रव नव्हता. त्याच्याकडून घर काही काम करून घेत होते. पुढे धूर काढून टाकण्याचे जे प्रयत्न झाले त्यांचा विचार करताना ही गोष्ट विसरता येत नाही.

३

आता ह्या साधनांची नावे पाहू. ‘चूल’ हा शब्द संस्कृत ‘चुल्ली’पासून आला आहे, आणि त्या संस्कृत शब्दाचे नाते तमिळमधील भट्टीवाचक ‘चूळै’ ह्या शब्दाशी जोडले जाते. चुलीच्या बाजूस जोडलेले, मुख्य जाळाच्या उरलेल्या आचेवर चालणारे दुसरे तोंड म्हणजे ‘वैल’, काही घरांत ‘औल’. ह्याची तुलना चूल ह्याच अर्थाच्या कन्नड ‘ओले’शी करता येते. अमरकोशात चुलीच्या पर्यायांमागोमाग ‘अंगारधानिका’, ‘अंगारशकटी’ आणि ‘हसंती’ अशी निखाऱ्यांच्या पात्राची नावे येतात. ह्यांतील ‘शकटी’, म्हणजे लहान गाडी, हीच गुजराती ‘सगडी’ आणि मराठी ‘शेगडी’ ह्यांच्या मुळाशी आहे. इकडून तिकडे नेता येणारा अग्नी हा तिचा मूळ अर्थ त्या शब्दात अजून शाबूत आहे. ‘बंब’ ह्या शब्दाचा उगम पोर्तुगीज ‘बोंबा’त मानला जातो. पाणी खेचण्याचे यंत्र हा तेथील अर्थ. मराठीत त्याच शब्दाने आग विझविणारे यंत्रही ओळखले जाते आणि आगीवर पाणी तापविणारे भांडेही. द्राविडी, संस्कृत आणि पोर्तुगीज असे तीन थर एका स्वयंपाकघरात व त्याला लागून असलेल्या न्हाणीघरात एकत्र आलेले दिसतात.

उष्णतेची नावेही अशीच बारकाईने वाटलेली आहेत. ‘आच’ (संस्कृत ‘अर्चिस्’) ही भांड्याला लागते; ‘धग’ ही जवळ बसणाऱ्याच्या अंगाला लागते; ‘ऊब’ (संस्कृत ‘ऊष्मन्’) ही बिछान्यात, कुशीत आणि घरात असते. ‘शेकणे’ हे क्रियापद मात्र भाकरीला आणि माणसाला सारखेच लावले जाते. तव्यावरून उतरलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या आरावर उभी करून शेकतात, आणि त्याच आरापुढे बसून घरातील म्हातारी माणसे हात शेकतात. अंतर एका हाताचे, विस्तव एकच, आणि क्रियापदही एकच.

साधनांची तुलना केल्यास बंब सर्वांत कार्यक्षम दिसतो. तांब्याच्या उभ्या भांड्याच्या मधून एक नळी गेलेली असते. तिच्या तळाशी जाळी, जाळीखाली राखेची जागा. लाकडाचे तुकडे किंवा कोळसे वरून नळीत टाकले म्हणजे आग मध्यभागी राहते आणि पाणी तिला चहूंकडून वेढून असते. खालून येणारी हवा जाळीतून वर जाते, नळीच स्वतः धुराड्याचे काम करते, आणि उष्णतेला पाण्याखेरीज दुसरीकडे जावयास फारशी वाट राहत नाही. उघड्या चुलीची गोष्ट उलट आहे. तिच्यातील लाकडाच्या उष्णतेपैकी सामान्यतः दहा ते पंधरा टक्केच भांड्यात शिरते. बाकीची चुलीच्या मातीत, भिंतीत, खोलीत आणि धुराबरोबर आकाशात जाते. मात्र ह्या ‘बाकीच्या’ उष्णतेतील काही भाग म्हणजेच घराची ऊब होय. भांड्याच्या दृष्टीने जे वाया गेले, त्यातील बरेचसे थंडीच्या पहाटे घराला मिळाले.

जळणाचे ज्ञानही शब्दांत साठलेले आहे. तुरीच्या काड्या व धसकटे भुर्रकन् पेटतात आणि लवकर संपतात. बाभळीचे लाकूड टिकते व त्याचा निखारा चांगला पडतो. गोवरी धुमसते, म्हणून दूध आटविण्यास व विस्तव राखण्यास ती योग्य. ओले जळण सर्वांनाच नकोसे, आणि त्याचे कारण मोजता येते. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनापैकी जवळजवळ निम्मे पाणी असू शकते, आणि त्यातील प्रत्येक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे सहाशे किलोकॅलरी उष्णता खर्च पडते. वर्षभर वाळलेल्या लाकडात हेच प्रमाण पंधरा-वीस टक्क्यांवर येते. ओले लाकूड घातलेला किंवा हवा कोंडलेला जाळ थंड राहतो, लाकडातून निघालेले वायू न जळताच धूर होऊन बाहेर पडतात, आणि धुराड्यात काजळीचा चिकट थर धरतो. ‘सुक्याबरोबर ओलेही जळते’ ह्या म्हणीत ओल्यावर अन्याय झाला आहे. चुलीत अन्याय होतो तो सुक्यावर, कारण त्याची उष्णता ओल्याला वाळविण्यातच जाते.

४

जुन्या मराठी घरात मुद्दाम तापविलेली अशी एक खोली मात्र होती : बाळंतिणीची. तिच्या बाजेखाली किंवा बाजेजवळ निखाऱ्यांची शेगडी ठेवीत, दारे-झरोके बंद करीत, ओवा व शेपा विस्तवावर टाकून धुरी देत, आणि बाळबाळंतिणीला शेक देत. घराला ऊब देण्याची कल्पना मराठी संस्कृतीस अपरिचित नव्हती, हे ह्यावरून सिद्ध होते. ती एका शरीरापुरती आणि थोड्या दिवसांपुरती मर्यादित होती, इतकेच. ह्या उपचाराची दुसरी बाजू आज ज्ञात आहे. कोंडलेल्या खोलीत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. आणि तो रक्तातील प्राणवायूची जागा घेतो. ऊब देणारी शेगडीच जीव घेऊ शकते, ही जाणीव ‘धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही’ असे मानणाऱ्या व्यवहारात नव्हती.

ह्याखेरीज चुलीशी निगडित अर्थविस्तार कुटुंबाचा आहे. लग्नानंतर नवे घर करणे म्हणजे ‘चूल मांडणे’. भाऊ विभक्त होणे म्हणजे ‘चुली वेगळ्या होणे’. घरातील सर्वांना जेवावयास बोलावणे म्हणजे ‘चूलबंद आवतण’, कारण त्या दिवशी त्या घरची चूल पेटावयाची नाही. ‘घरोघरी मातीच्या चुली’ ही म्हण सर्वांचे दुःख सारखे आहे असे सांगते. भारतीय जनगणनेनेही एका स्वयंपाकघरातून जेवणाऱ्यांचे मिळून एक कुटुंब मानले आहे. ग्रामीण भाषेने हाच हिशेब फार पूर्वीपासून चुलींवर केला. चूल हे घराचे एकक झाले, आणि ‘चूल आणि मूल’ ह्या जोडशब्दात स्त्रीचे क्षेत्र ठरले. परंतु ह्या शब्दसमूहांत चुलीपुढे बसणारी स्त्री कोठेच कर्त्याच्या स्थानी नाही. चूल मांडली जाते, वेगळी होते, बंद राहते. ती फुंकणारी गृहीत धरलेली आहे. जसे ऊब देण्याला कर्ता नाही, तसेच धूर सोसण्यालाही नाही.

५

धुराड्याचे ज्ञान जिल्ह्यात नव्हते काय? होते, ते स्वयंपाकघरात आले नाही. गुऱ्हाळातील रस आटविण्याची मोठी भट्टी म्हणजे ‘चुलवण’. शब्द चुलीपासूनच झालेला आहे. चुलवणाला एका बाजूस चिपाडे घालण्याचे तोंड व दुसऱ्या बाजूस धूर वाहून नेणारी वाट असते. ओढ बसल्यामुळे जाळ काहिलीच्या तळाखालून लांब पसरतो आणि जळण वाचते. १९५० मध्ये लोणी येथे प्रवरा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ ह्यांची नावे त्याच्याशी निगडित आहेत. त्यानंतर ह्याच जिल्ह्यात उसाच्या चोथ्यावर चालणारे बाष्पपात्र आणि त्याचे उंच धुराडे ही नित्याची दृश्ये झाली. जेथे उष्णतेतून विकावयाची वस्तू निघत होती, तेथे जळणाचा हिशेब झाला आणि धूर वर गेला. घरच्या चुलीचे जळण स्त्रियांनी व मुलांनी वेचून आणलेले असे. त्याला पैसा पडत नव्हता, म्हणून त्याचा हिशेबही झाला नाही.

पश्चिमेत हा विचार घराच्या उबेच्या बाजूने सुरू झाला. १७९० च्या दशकात काउंट रम्फर्डने उघड्या शेकोटीतील बहुतेक उष्णता धुराड्यातून निघून जाते हे दाखवून तिचे तोंड व धुराड्याचा गळा अरुंद केला. बंद लोखंडी स्टोव्हही वापरात आले. भारतात तो स्वयंपाकाच्या बाजूने सुरू झाला. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या कार्यातून १९४७ च्या सुमारास धुराड्याची ‘मगन चूल’ पुढे आली; १९५३ मध्ये हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधनशाळेतील एस. पी. राजू ह्यांनी निर्धूर चुलीची रचना प्रसिद्ध केली. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. स्थिर चुलीस किमान वीस टक्के आणि फिरत्या चुलीस पंचवीस टक्के कार्यक्षमता असावी, असा त्यात दंडक होता. २००२ मध्ये कार्यक्रम थांबला तोपर्यंत देशात सुमारे साडेतीन कोटी चुली वाटल्या गेल्या होत्या.

त्यांतील बऱ्याच चुली थोड्या वर्षांत मोडल्या, बदलल्या गेल्या किंवा पडून राहिल्या. धुराडी काजळीने तुंबत, ती साफ करण्याची व्यवस्था नसे. ठराविक मापाचे तोंड मोठ्या भांड्याला पुरत नसे. लांब लाकूड फोडून लहान करावे लागे. ही कारणे नोंदली गेली आहेत. त्यांच्या जोडीस जुन्या घराच्या बांधणीतून दिसणारे एक कारण ठेवले पाहिजे. कार्यक्षमतेचे माप केवळ आचेचे होते. भांड्यात शिरलेली उष्णता तेवढी मोजली गेली. धग, ऊब, शेक, धुरीने राखलेले छप्पर आणि आरावर उभी केलेली भाकरी ही त्या मापाबाहेर राहिली. बोलीने ज्या उष्णतेला चार नावे दिली होती, तिचे एकच नाव योजनेला ठाऊक होते. थंडीच्या पहाटे ज्या घरात जुनी चूल पुन्हा पेटली, तेथे ती हट्टानेच पेटली असे म्हणता येत नाही.

जळणाची बाजूही ह्याच काळात बदलली. १९७२ च्या दुष्काळानंतर पारनेर तालुक्यातील राळेगण सिद्धी येथे अण्णा हजारे ह्यांच्या नेतृत्वाखाली आणि १९९० च्या आगेमागे नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे पोपटराव पवार ह्यांच्या पुढाकाराने ग्रामसुधारणेचे जे प्रयोग झाले, त्यांत ‘कुऱ्हाडबंदी’ हा नवा सामासिक शब्द नियम म्हणून रूढ झाला. ‘नशाबंदी’, ‘चराईबंदी’ ह्यांच्या साच्यात तो घडला. झाडे तोडावयाची नाहीत हा त्याचा अर्थ. परंतु झाड तोडले नाही तर चुलीत काय घालावयाचे हा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतो, आणि म्हणून गोबर गॅसचा विचार अशा गावांतून त्याच्या जोडीने झाला. १ मे २०१६ रोजी बलिया येथे सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून देशात नऊ कोटींहून अधिक गॅसजोडण्या दिल्या गेल्या. तरीही जिल्ह्यातील अनेक घरांत आज कामाची वाटणी दिसते : चहा व भाजी गॅसवर, भाकरी आणि आंघोळीचे पाणी चुलीवर. भाषेने ह्या वाटणीस सहज सामावून घेतले. गॅसच्या उपकरणाला ‘शेगडी’ हे जुने नाव मिळाले, ‘चूल’ हे नाव मिळाले नाही. उचलून ठेवता येते ती शेगडी, आणि घराशी जखडलेली ती चूल, हा प्राचीन भेद लोकांनी नकळत पाळला.

६

ह्या इतिहासातून उबेची बाजू मांडली म्हणजे धुराची बाजू हलकी होते असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातील धुरामुळे जगात सुमारे बत्तीस लक्ष माणसे दगावली. तो धूर सर्वाधिक जिच्या श्वासात जातो ती चुलीशी बसलेली स्त्री आणि तिच्या जवळचे मूल होय. आरापुढे हात शेकणाऱ्यास ऊब काही क्षणांत मिळते. फुंकणीने जाळ करणारीस धूर वर्षानुवर्षे मिळतो. एकाच विस्तवाचे हे दोन वाटे कधीही सम नव्हते.

परंतु ऊब आणि धूर एकत्रच आले पाहिजेत, असा निसर्गनियम नाही. हिमालयातील थंड प्रदेशांत ‘बुखारी’ हे बंद तोंडाचे लोखंडी साधन वापरतात. जाळ आत, हवा मोजून आत सोडलेली, आणि धूर नळीवाटे छपराबाहेर. खोलीला ऊब मिळते ती तापलेल्या लोखंडापासून आणि खोलीतून गेलेल्या नळीपासून. उघड्या शेकोटीतून खोलीस फार थोडी उष्णता मिळते, तर चांगल्या बंद स्टोव्हमधून लाकडातील साठ-सत्तर टक्के उष्णता घराला मिळू शकते. अट एवढीच की लाकूड वाळलेले असावे, जाळ कोंडलेला नसून स्वच्छ असावा, आणि नळी वेळोवेळी झाडलेली असावी. जाड भिंतीचे धाब्याचे घर अशा साधनास अनुकूलच आहे. ऊब साठविण्याचे काम त्या भिंती पूर्वीपासून करीत आल्या आहेत. नगरच्या न्हाणीघरातील बंबात धूर आणि उष्णता वेगळी करण्याची युक्ती पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. ती न्हाणीघरातून चुलीपर्यंत आली नाही, आणि ह्याचे कारण तंत्रात नव्हते.

दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, शेवगाव, जामखेड ह्या भागांतील ऊसतोड मजूर आजही कारखान्यांच्या वाटेस लागतात. फडाच्या कडेला त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. त्यांना जाड भिंत नाही, धाबे नाही, रात्रीपर्यंत ऊब धरून ठेवील असे काहीच नाही. कोपीपुढे तीन दगड मांडले की चूल झाली; पाचट आणि वेचलेल्या काटक्या हे जळण. पहाटे अंधारात फडात जाण्यापूर्वी तेथे भाकरी होते, आणि भाकरी होईतो मुले त्या जाळाभोवती शेकत बसतात. थोड्याच अंतरावर त्यांनीच तोडलेल्या उसाच्या चोथ्यावर कारखान्याचे बाष्पपात्र चाललेले असते, आणि त्याचा धूर उंच धुराड्यातून वर जातो. ‘चूल मांडणे’ हा वाक्प्रयोग तेथे अजून अक्षरशः खरा आहे. आणि मांडणारी कोण, हे तेथे विचारावे लागत नाही.